गाडीचा हात

"या गाडीचा हात कुठं आहे?"

इन्स्पेक्टरनं एवढंच विचारलं, आणि मनकर्णाचा स्वतःचा उजवा हात काही कारण नसताना पदराखाली गेला. चांद्याच्या कचेरीमागच्या मैदानात सकाळी नऊलाच ऊन पांढरं पडलं होतं. मिरग लागायला अजून तीन दिवस होते. नागपूरहून महिन्यातून एकदा येणारे ठवकर इन्स्पेक्टर जीपभोवती फिरत होते. एका हातात वही, दुसऱ्यात ओला रुमाल, तो ते मधूनमधून मानेवर दाबत. चिंचेखाली लायसनच्या परीक्षेला आलेली बाकीची माणसं उकिडवी बसली होती, बहुतेक लाकडाच्या ट्रकांवरचे क्लीनर. त्यांच्यात बाई ती एकटीच, आणि गाडीही तिचीच तेवढी वेगळी. लढाई संपल्यावर अमेरिकन लोक ज्या जीपा टाकून गेले, त्यांतली ही एक, डिस्पोजलची. हिचं चाक डावीकडे. मागच्या फळीवर वडिलांनी स्वतः पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'सावधान, हाकणारा डावीकडे आहे'. अक्षरं शेवटी शेवटी बारीक होत गेली होती, कारण फळी संपत आली होती.

"डाव्या चाकाच्या गाडीत हाकणाऱ्याचा हात उजवीकडं पोचत नाही," इन्स्पेक्टर वहीकडे बघत म्हणाले. "मागच्यानं काय समजायचं? यांत्रिक हात पाहिजे. कायदा आहे."

"हाये ना साहेब, हाये!" तिला गाडी शिकवणारे बाबूभाई पुढे आले. "झोपला हाये. जागवतो." त्यांनी चाकाजवळचा दांडा ओढला, सायकलच्या ब्रेकची तार करकरली, आणि जीपच्या उजव्या अंगाला चिकटून पडलेला एक लाल लाकडी हात कुरकुरत आडवा उभा राहिला. त्याला पाच बोटं होती. नुसती फळी पुरली असती, पण मूल गावच्या बिरजू सुतारानं तेव्हा ऐकलं नव्हतं. हात म्हटला तं बोटं पायजे, तो म्हणाला होता, बिनबोटाचा हात आपल्या हातून नाई होणार. चिंचेखाली कोणीतरी हसलं. इन्स्पेक्टरांनी तो हात खालीवर करून पाहिला, तारेला बोट लावलं, आणि "कालच बसवलेला दिसतो," एवढं म्हणून ते दुसऱ्या गाडीकडे गेले. तिची पाळी शेवटी होती.

काल नव्हे, परवा. परवा बाबूभाईंनी माळ्यावरून तो हात काढला, झटकून पुन्हा जोडला, आणि तिच्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही तं बोलत नाई बाई. मंग हाच बोलेल." तीन महिने ते तिला शिकवत होते. तिचे वडील गुणवंतराव गेल्यावर मूल स्टेशनवरची डाक वैनगंगेच्या घाटापर्यंत न्यायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मूलच्या मोटार-दुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावून बाबूभाई रोज सकाळी जीपवर येत. सावलीपर्यंत स्वतः हाकत आणि सावलीच्या पुढं तिला चाकावर बसवून आपण उजवीकडे बसत. "किलच आस्ते छोडा. आस्ते, बाई, किलच हाये, विंचू नोहे." सगळं ती शिकली. गेर शिकली, चढावर थांबवून पुन्हा उचलायला शिकली, रेतीत चाक सैल सोडायला शिकली. फक्त वळण आलं की शेजारी बसलेल्या माणसाला 'हात द्या' म्हणायचं, ते मात्र तिच्या तोंडून निघत नसे. ती नुसती त्यांच्याकडे बघे. बाबूभाई मुकाट हात बाहेर काढत, आणि वळण झाल्यावर म्हणत, "मी काय मनातलं ओळखतो? उद्या शेजारी दुसरा बसला तं?" त्यांना वाटे, वडीलधाऱ्या माणसाला हुकूम कसा सोडायचा म्हणून पोरगी लाजते. तिनं त्यांना तसं वाटू दिलं.

आज पास व्हायलाच हवं होतं. डाकेचा ठेका गुणवंतरावांच्या नावानं होता. पोस्टाच्या साहेबांनी जूनअखेरपर्यंत सवलत दिली होती. तोवर घरातल्या कोणाकडे लायसन आलं तर ठेका त्याच्या नावे, नाहीतर दुसऱ्याला. पुढच्या महिन्यात इन्स्पेक्टर येतील तेव्हा जुलै लागलेला असणार. नानाजी काका तर त्याचीही वाट बघायला तयार नव्हते. "बाईमाणूस डाक हाकते काय?" ओसरीवर बसून ते रोज म्हणत. "तीस वर्साची झाली, शाळेत शिकोते, थेच शिकव म्हणा. जीप लाकूडवाला ठेकेदार नेतो म्हणते. नेऊ दे. दादाच नाई राह्यला तं जीप कायले पायजे?" त्यांचं चूक होतं असंही तिला म्हणता येईना. जीप कशाला पाहिजे, याचं उत्तर तिला देता आलं नसतं. पुढच्या दोन सीटांच्या मध्ये वीतभर जागा होती, गेरच्या दांड्याच्या मागे. तिथं कॅनव्हास विरून तागाचे धागे वर आले होते. जीप गेली की ती जागाही जाणार, एवढंच तिला कळत होतं. आणि हे ओसरीवर सांगण्यासारखं कारण नव्हतं.

चिंचेच्या सावलीबाहेर जीपच्या पत्र्याला टेकून ती उभी राहिली. पत्रा भाजत होता. मैदानात चुन्याच्या रेघांमधून एक क्लीनर ट्रक मागे घेत होता आणि बाकीचे त्याला बसल्या जागेवरून शिकवत होते. "काट रे, काट! अबे, बायकोले वळवते तशी वळव." मग तिची आठवण होऊन एकदम गप्प झाले. ती लाकडी हाताकडे बघत होती. हा पहिल्यांदा तुटला तेव्हा ती तेवीस-चोवीस वर्षांची असेल. सावलीच्या बाजाराला बांबू नेणारी एक बैलगाडी, मागे सात-आठ हात बांबू लोंबत. जीप शेजारून निघाली आणि बांबूनं हात कोपरापासून नेला. गुणवंतराव खाली उतरले, हात उचलून धूळ पुसली आणि गाडीवानाला म्हणाले, "तुह्या बांबूनं मले थोटा केला ना बे." मग सीटवर बसून त्यांनी तिच्याकडे पाहिलं. "मनू, तुहा हात रिकामाच हाये." शाळेला सुटी होती. सुटीपुरतं म्हणून ती बसली, मग रविवारी, मग शाळा दुपारची झाल्यावर रोज सकाळी. सात वर्षं ती त्या जीपचा उजवा हात होती. वडील पुढचा रस्ता बघत, गेरवरचा हात न हलवता सांगत, "हात दे." ती उजवीकडे हात बाहेर काढी, वळण असेल तर सरळ, वेग कमी करायचा असेल तर तळवा खाली करून खालीवर. तो आत घ्यायचा नाही, वडील 'बस' म्हणेपर्यंत. बस म्हटलं की आत. या दोन शब्दांमध्ये त्या बापलेकींचं बाकी बोलणं फारसं झालं नाही, आणि लागलंही नाही. तिच्या लग्नाचं दोनदा जमून मोडलं तेव्हासुद्धा दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या नाल्याजवळ ते म्हणाले, "हात दे," आणि तिनं दिला. आणि 'बस' नेहमीपेक्षा थोडं उशिरा आलं, एवढंच.

रस्त्यावरच्या लोकांना मात्र तो हात कधी नीट कळला नाही. पोरं उलट हात हलवत. व्याहाडजवळ एक म्हातारी डोक्यावर गाठोडं घेऊन दर बुधवारी उभी राही. हात दिसला की पुढे येई आणि जीप वळून निघून गेली की शिव्या घाली. शेवटी एकदा गुणवंतरावांनी जीप थांबवली. म्हातारी म्हणाली, "दर खेपेले हात देते न् थांबत नाई, कशी गा तुही पोरगी?" तेव्हापासून तिला बुधवारी घाटापर्यंत नेणं हाही डाकेचाच भाग झाला. आणि रस्ता अगदी सुना असला, पुढे-मागे मैलभर सागवानाशिवाय काही नसलं, तरी ते हात मागत. एकदा तिनं विचारलं होतं, बाबा, इथं कोणाले दाखवायचा? ते म्हणाले, "रस्ता रिकामा हाये असं आपल्याले वाटते."

"मनकर्णा गुणवंतराव!" चपराशानं पुकारलं.

बाबूभाई चिंचेखाली राहिले. इन्स्पेक्टर उजवीकडच्या सीटवर बसले, तिच्या सीटवर, आणि वही मांडीवर उघडी ठेवली. त्यांच्या अंगाला बंगाली पानाचा आणि घामाचा वास होता. "चला. कचेरीसमोरून, जटपुरा दरवाजातून बाहेर, बाहेर पडल्यावर उजवीकडं. मी बोलणार नाही. तुम्हीही बोलायचं कारण नाही. हाकायचं." तिनं किलच दाबला. पायाचा अंगठा चपलेत घसरला, घामानं. जीप उचलली तेव्हा एकदा हिसका बसला आणि वहीवर पेन्सिलचा आवाज झाला. मग दुसरा गेर, आणि तिचा उजवा हात दांड्यावरून उठून पुन्हा दांड्यावर बसला तेव्हा तिला दिसलं की तो नेमक्या त्या वीतभर जागेच्या वर आहे. कोपर जरा खाली आलं तर धाग्यांना लागेल. तिनं कोपर वर धरलं. तीन महिने ती ते तसंच धरत आली होती, आणि बाबूभाई रोज म्हणत, पंख कायले पसरता बाई, आंग सैल ठेवा.

मार्चमध्ये मोहाची फुलं पडत होती. सावलीच्या पुढे, मोठ्या नाल्याच्या अलीकडे, रस्त्याला लागून एक मोह आहे. त्याखाली एक बाई, सोमारी हे तिचं नाव मागाहून कळलं, टोपली घेऊन फुलं वेचत होती. सावलीपासून वडील बोलले नव्हते, पण ते कधी फार बोलतच नसत. ती बाहेर बघत होती. फुलांचा वास गोड आणि जड, डोकं धरणारा. जीपचा वेग कमी झाला, जीप डावीकडे कलायला लागली, आणि वडील म्हणाले, "मनू, हात दे." तिनं दिला. तळवा खाली, खालीवर, खालीवर. रीतीप्रमाणे मागेही वळून पाहिलं, मागे फक्त त्यांचीच धूळ होती. जीप रस्ता सोडून गवतावर उतरली आणि इंजिन आचका देऊन बंद पडलं. तिचा हात बाहेरच होता. 'बस' आलं नव्हतं. मोहाखालच्या सोमारीला वाटलं आपल्यालाच, तिनंही हात वर केला आणि हसली. किती वेळ ती तशी बसली? तिनं पुढे पुष्कळदा मोजून पाहिलं; कधी दहा अंक, कधी तीस. 'बस'ची वाट बघत ती एका अनोळखी बाईला हात दाखवत होती. मग वळून पाहिलं तेव्हा वडिलांचं डोकं चाकावर होतं, आणि त्यांचा उजवा हात गेरच्या दांड्यामागे, दोन सीटांच्या मध्ये पडला होता. पालथा नव्हे. उताणा. बोटं थोडी मिटलेली, तिच्या बाजूला.

डॉक्टर म्हणाले होते, तिथंच गेले, तुम्हाला काही करता आलं नसतं. गाडी हाकता आली असती तरी नाही. तेराव्यापर्यंत घरी येणारा प्रत्येक जण टेकल्यावर पहिल्यांदा तेच विचारी, शेवटी काही बोलले काय? नानाजी काकांनी तर तीनदा विचारलं. "काईच बोलला नाई दादा? तुह्याजवळ तं बसला होता." ती म्हणाली, नाही. काही नाही बोलले. काय सांगणार होती? हात दे म्हणाले, आणि मी हात रस्त्याला दिला.

जटपुरा दरवाजाच्या सावलीत शिरताना डोळ्यांपुढे अंधारी आली. आत कमानीखाली एक बैलगाडी अडली होती, गवंड्यांचं एक टोळकं भिंतीला चिकटून उभं होतं. तिनं हॉर्न दिला, थांबली, गाडी सरकली, तिनं जीप पुन्हा उचलली. हिसका बसला नाही. वहीवर काही वाजलं नाही. कमानीतून बाहेर उन्हात आल्यावर उजवीकडचा रस्ता दिसला, आणि चाकासमोरच्या आरशात, मागे कमानीतून बाहेर पडणारी सर्व्हिस मोटार. भरलेली, टपावर सामान, कडेला लोंबणारी माणसं. मोटार उजव्या अंगानं पुढे निघायच्या बेतात होती. तिच्या ड्रायव्हरचा हॉर्न एकसारखा वाजत होता. तिनं लाकडी हाताचा दांडा ओढला. दांडा फार सहज आला. तार तुटल्याचा बारीकसा, सतारीसारखा आवाज झाला आणि दांडा तिच्या मुठीत लुळा पडला. बाहेर लाल हात जागचा हलला नाही.

वळण वीस पावलांवर होतं. सरळ जावं तर इन्स्पेक्टरनं सांगितलेलं चुकतं; थांबावं तर मागची मोटार अंगावर; वळावं तर त्या लोंबणाऱ्या माणसांच्या समोर. इन्स्पेक्टर बोलणार नव्हते. ते समोर बघत होते, पेन्सिल वहीला टेकवून. तिच्या उजवीकडे एक माणूस बसला होता आणि त्याला दोन हात होते, आणि तिला फक्त सांगायचं होतं. पंधरा पावलं. मोहाचा वास नसताना आला. हॉर्न. दहा. तिच्या मनात काही नव्हतं, वडील नव्हते, मोह नव्हता, काही नव्हतं, फक्त मागची मोटार होती आणि पुढचं वळण, आणि तिच्या तोंडून, तिचा नसलेला, जाडा, शांत आवाज निघाला:

"हात दे."

ठवकर इन्स्पेक्टर दचकले. पण तोंडानं काही म्हणायच्या आधी त्यांचा हात बाहेर गेला होता, सरळ, खाकी बाहीसकट, बोटं जुळवून. मागच्या मोटारीचे ब्रेक किंचाळले, कोणीतरी मायबहिणीवरून ओरडलं, आणि जीप वळली. ती वळली, रस्त्याच्या मधल्या उंचवट्याला पुरता वळसा घालून, डावी बाजू धरून. मग सरळ रस्ता लागला. तट उजवीकडे मागे पडला. पाय आपलं काम करत होते. आपण मघाशी काय म्हणालो, ते आता तिच्या कानात शिरत होतं. हात दे. तेव्हा तिला त्या हाताचं काय हवं होतं? काही नाही. माणूस नको होता, आधार नको होता. मागच्याला दिसावं, एवढंच हवं होतं. मरणाच्या भीतीत तोंडून तेच निघालं होतं जे वडील सात वर्षं म्हणत आले. म्हणजे बाबांनाही तेवढंच... ती तिथं थांबली. उताणा तळवा होताच. तळव्याचं उत्तर या वाक्यात नव्हतं. गेरवरून निसटलेला हात उताणाही पडत असेल. पडत असेल.

"बाई," इन्स्पेक्टर म्हणाले, "हा हात मी नागपूरपर्यंत बाहेर ठेवू काय?"

तो अजून बाहेर होता. वळण केव्हाच मागे गेलं होतं. समोरून येणारा एक सायकलवाला त्या खाकी हाताला बिचकून नालीकडे उतरला होता. तिनं तोंड उघडलं; पण तो दुसरा शब्द आला नाही. इन्स्पेक्टरांनी दोन क्षण वाट पाहिली आणि आपणहून हात आत घेतला, चोळला.

मैदानात परत आल्यावर त्यांनी बॉनेटवर वही ठेवून लिहायला घेतलं. बाबूभाई तुटलेली तार बोटाला गुंडाळत अपराध्यासारखे उभे होते. "साहेब, तार बाजारातली होती, कसूर माझा हाये. बाईचा नाई."

"तार तुटली हे मी पाहिलं," इन्स्पेक्टर न बघता म्हणाले. "तुटल्यावर काय केलं, तेही पाहिलं. पुष्कळ जण चाक सोडून दांड्याकडे बघत बसतात." मग चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे पाहिलं. "चौदा वर्षांच्या नोकरीत मला अरे-तुरे करणारी उमेदवार पहिलीच. घरात कोणाला म्हणता असं?"

"नाही," ती म्हणाली. "मला म्हणत."

त्यांनी सही केली. "लायसन देतो. नवीन तार, पक्की. तोवर शेजारी माणूस बसवा. आणि हात मागितला तर परतही करत जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मूल स्टेशनवर तिनं थैल्या मोजून घेतल्या आणि डावीकडे चढली. बाबूभाई उजवीकडे बसले. नवी तार मिळेपर्यंत, त्यांनी बजावलं, मीच हात. सावलीपर्यंत ते नानाजींविषयी बोलत राहिले. लायसनचा कागद त्यांनी उलटा धरून वाचला आणि उलटाच परत दिला, वगैरे. सावली मागे पडली. तिनं तीन महिन्यांत त्या मोहापाशी कधी वेग कमी केला नव्हता. उलट त्या अर्ध्या मैलात तिचा पाय जडच होई, आणि बाबूभाई तेव्हा मुद्दाम दुसरीकडे बघत. आज मोहाखाली कोणी नव्हतं. फुलं कधीच संपली होती. टोळी, मोहाची फळं, धरली होती, हिरवी, गळायला आलेली. रस्ता पुढे-मागे सुना होता.

"हात द्या," ती म्हणाली.

बाबूभाईंनी तिच्याकडे पाहिलं. मग मागे पाहिलं, मागे धूळ होती. त्यांनी हात बाहेर काढला आणि तळवा खाली करून खालीवर हलवायला लागले. तिनं वेग कमी केला, जीप डावीकडे घेतली, गवतावर उतरवली, थांबवली. इंजिन बंद केलं. सागाच्या पानांत वारा होता. थैल्यांना लाखेचा वास येत होता. घाटावर झिंगू नावाडी डोंगा लावून वाट बघत असणार. तिनं उजवा हात गेरच्या दांड्यावरून खाली सोडला. कोपर आधी टेकलं, मग मनगट, मग पंजा. विरलेल्या धाग्यांवर तो पडला तसा पडू दिला, आणि तो कसा पडला, ते तिनं वाकून पाहिलं नाही.

बाबूभाईंचा म्हातारा हात रिकाम्या रस्त्यावर खालीवर होतच होता. थकला होता, तरी त्यांनी तो आत घेतला नाही.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज नीट निघाला. "बस."